प्रीति, मृत्यु आणि अक्षर काव्य

आजचा विषय ऐकावयास थोडा भारदस्त वाटेल. परंतु तो आपणां सर्वांच्या घरांतला आहे. ज्या माणसास आपण जीव लावतों तें एक दिवस जाणार, हें आपणांस ठाऊक असतें. तें गेल्यावर मागें काय उरतें? भिंतीवरील एखादें छायाचित्र, पेटींतलीं चार पत्रें आणि कधीं तरी ओठांवर येणारें एखादें गाणें. कवि म्हणतात कीं, या गाण्यास मरण नाहीं. हें म्हणणें कितपत खरें आहे, आणि कोणत्या अर्थानें खरें आहे, याचा विचार आपण गेल्या दोनशें वर्षांतील कांहीं कवींच्या आधारानें करूं. त्यांत सातारा आणि सांगली या आपल्या भागाशीं संबंध असलेले कवि मुद्दाम घेतले आहेत.

इंग्रजींत ज्या काव्यास ‘रोमँटिक’ म्हणतात त्यास आपल्या टीकाकारांनीं ‘स्वच्छंदतावादी’, ‘सौंदर्यवादी’ अशीं नांवें दिलीं आहेत. नांव कोणतेंही घेतलें, तरी त्याचें मुख्य लक्षण एकच आहे. या कवींनीं स्वतःच्या अंतःकरणास प्रमाण मानलें. देवादिकांच्या कथा बाजूस ठेवून त्यांनीं स्वतःचें प्रेम, स्वतःचा विरह आणि स्वतःच्या मरणाची चाहूल हेच काव्याचे विषय केले.

मृत्यूचा विचार आपणांस नवा नाहीं. सातारा जिल्ह्यांतील चाफळ आणि सज्जनगड हीं समर्थ रामदासांचीं स्थानें. त्यांच्या मनाच्या श्लोकांपासून तुकोबांच्या अभंगांपर्यंत देहाच्या नाशिवंतपणाची जाणीव आपल्या जुन्या काव्यांत पानोपानीं भरलेली आहे. परंतु संतांजवळ तिच्यावर एक निश्चित उत्तर होतें. देह जाणारच, म्हणून जो जात नाहीं त्या ईश्वरास शरण जावें. कविता ही त्यांच्या दृष्टीनें नाव होती, पैलतीर नव्हे.

प्रेमाच्या बाजूनेंही आपल्याकडे एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. अकराव्या शतकांत बिल्हण नांवाचा काश्मिरी कवि कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारीं होता. हें कल्याणी म्हणजे सध्यांच्या कर्नाटकांतील बसवकल्याण. त्याच्याविषयीं सांगतात कीं, एका राजकन्येवर प्रेम केल्याबद्दल राजानें त्यास देहान्ताची शिक्षा फर्मावली. वधस्थानाकडे जातांना त्यानें प्रियेच्या आठवणीचे पन्नास श्लोक म्हटले. ते ऐकून राजाचें मन द्रवलें आणि कवीचे प्राण वांचले. कथा म्हणून ती गोड आहे. येथें काव्य मृत्यूस खरोखरच परतवून लावतें. नव्या युगांतील कवींस मात्र अशी माफी मिळाली नाहीं. त्यांच्याजवळ संतांचें उत्तर नव्हतें आणि बिल्हणाचें भाग्यही नव्हतें. म्हणून त्यांचा प्रश्न अधिक बिकट झाला.

प्रथम इंग्लंडाकडे पाहूं. जॉन कीट्स या कवीनें १८१९ सालीं एका ग्रीक कलशास उद्देशून एक कविता लिहिली. त्या कलशावरील चित्रांत एक तरुण आपल्या प्रियेकडे झेपावला आहे. ओठ ओठांस टेंकणार, एवढ्यांतच तें चित्र गोठलेलें आहे. कवि त्या तरुणाची समजूत घालतो कीं, तुला तें चुंबन कधींच लाभणार नाहीं. पण तुझी प्रिया कधीं वृद्धही होणार नाहीं. श्रोतेहो, येथें थोडें थांबून विचार करण्यासारखें आहे. कलेनें त्या प्रेमिकांस अमर केलें खरें, पण त्याची किंमत घेतली. त्यांचें प्रेम सफल होण्यापूर्वींच तिनें काळ थांबविला. संसार, मुलेंबाळें, भांडणें, एकमेकांच्या आजारपणांत काढलेल्या रात्री, यांपैकीं त्या कलशावर कांहींच नाहीं. जो क्षण टिकला तो टिकला. बाकीचें आयुष्य त्यास मिळालें नाहीं.

ही कविता लिहिणारा कवि स्वतः किती टिकला? पुढें दोन वर्षांच्या आंतच, २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं, कीट्स रोम येथें क्षयानें वारला. तेव्हां त्याचें वय अवघें पंचवीस होतें. फॅनी ब्रॉन नांवाच्या तरुणीशीं त्याचा विवाह ठरला होता. तिचीं शेवटचीं पत्रें उघडण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. तीं न फोडतांच त्याच्याबरोबर पुरण्यांत आलीं. थडग्यावर आपलें नांव नसावें, येथें निजलेल्याचें नांव पाण्यावर लिहिलेलें होतें एवढेंच कोरावें, अशी त्याची इच्छा होती. पाण्यावर लिहिलेलें तें नांव दोनशें वर्षांनंतर आपण येथें घेत आहों.

त्याचा समकालीन शेले. एका प्राचीन राजाच्या भग्न पुतळ्यावरील त्याचें सुनीत १८१८ सालीं प्रसिद्ध झालें. वाळवंटांत मोडून पडलेल्या त्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर राजाची दर्पोक्ति कोरलेली आहे, आणि भोंवतीं वाळूशिवाय कांहीं नाहीं. परंतु राजाच्या चेहऱ्यावरील तुच्छतेचा भाव ज्या अनाम शिल्पकारानें ओळखला आणि दगडांत उतरविला, त्याची कारागिरी अद्याप दिसते. राज्य बुडालें, पाहणाऱ्या डोळ्यांनीं जें टिपलें तें उरलें. शेलेही १८२२ सालीं इटलीच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत बुडाला. त्यास तिसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें.

१८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें, आणि पुढें इंग्रजी शाळा-कॉलेजांतून हें काव्य आपल्या तरुणांच्या हातीं आलें. त्यांतूनच मराठी कवितेस जें नवें वळण लागलें त्याचे प्रवर्तक म्हणजे मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत. ते पेशानें आमच्याच जातीचे, म्हणजे शाळामास्तर. १८९२ सालीं त्यांनीं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही चौदा ओळींची कविता लिहिली. मराठींतील पहिलें सुनीत म्हणून ती ओळखली जाते. आपल्या आजच्या विषयाचें बीज तिच्या नांवांतच आहे.

मयूरासन आणि ताजमहाल या दोन्ही शहाजहान बादशहाच्या कृति. एक सत्तेचें वैभव दाखविण्यासाठीं, दुसरी प्रिय पत्नीच्या स्मरणासाठीं. मुमताज महल १६३१ सालीं बऱ्हाणपूर येथें बाळंतपणांत वारली. पुढल्याच वर्षीं आग्र्यास यमुनेच्या कांठीं समाधीचें काम सुरू झालें, आणि सर्व परिसर पुरा होण्यास सुमारें वीस वर्षें लागलीं. रत्नजडित मयूरासनावर बादशहा १६३५ सालीं प्रथम बसला. त्या सिंहासनाचें काय झालें? १७३९ सालीं नादिरशहानें दिल्ली लुटली आणि तें इराणांत नेलें. पुढें त्याची मोडतोड होऊन तें नाहींसें झालें. खुद्द शहाजहान त्यास त्याच्या हयातींतच मुकला होता. १६५८ सालीं मुलानें त्यास कैद केलें, आणि १६६६ सालीं आग्र्याच्या किल्ल्यांतच त्याचा अंत झाला. सिंहासन दुसऱ्यांच्या हातीं गेलें. पत्नीच्या शेजारची जागा मात्र त्यास मिळाली. ती अजून त्याचीच आहे.

गर्वानें घडविलेलें गेलें आणि प्रीतीनें घडविलेलें राहिलें, असा बोध यांतून सहज निघतो. परंतु येथें थांबून चालणार नाहीं. ताजमहालही शेवटीं दगडाचाच आहे. हवेंतील धुरानें त्याचा संगमरवर पिवळा पडतो, आणि तो धुवावा-पुसावा लागतो. चौदा ओळींच्या कवितेस अशी डागडुजी लागत नाहीं. तिला दुसरीच एक गोष्ट लागते, आणि ती ताजमहालास लागणाऱ्या डागडुजीहून अवघड आहे. तिला माणसाचें तोंड लागतें. ताजमहाल रात्रीं कोणी पाहत नसतांही उभा असतो. न वाचलेली कविता मात्र कोठेंच नसते.

खुद्द केशवसुतांचीच हकीकत पाहा. ७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळी येथें ते वारले, तेव्हां त्यांनीं चाळिशीही गांठली नव्हती. त्यांच्या हयातींत त्यांच्या कवितेचें पुस्तक निघालें नाहीं. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनीं ती गोळा केली आणि १९१७ सालीं, म्हणजे कवीच्या निधनानंतर बारा वर्षांनीं, ‘केशवसुतांची कविता’ प्रसिद्ध झाली. आज मालगुंडास त्यांचें स्मारक उभें आहे. पण त्या बारा वर्षांत ती कविता कोणी जपून ठेवली नसती, उतरून घेतली नसती, एकमेकांस म्हणून दाखविली नसती, तर स्मारक कशाचें झालें असतें? काव्य अमर असतें असें आपण म्हणतों, तेव्हां मधल्या या माणसांस विसरतों.

याच सुमाराचे आणखी दोन कवि लागोपाठ गेले. बालकवि ठोंबरे ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून गेले, वय सत्तावीस. ‘प्रेमाचे शाहीर’ म्हणून गाजलेले गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें निवर्तले, वय तेहतीस. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ नाटक त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आंत बडोद्यास रंगभूमीवर आलें, आणि ‘वाग्वैजयंती’ हा काव्यसंग्रह १९२१ सालीं निघाला. टाळ्या पडल्या त्या ऐकावयास नाटककार नव्हता. कलेचें चिरंतनत्व हें कलावंताच्या पदरांत पडणारें सुख नव्हे, हें यावरून कळून येईल. तें इतरांस मिळतें.

आतां आपल्या भागाकडे वळूं. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळाची स्थापना झाली. त्यांतील दोन प्रमुख कवि आपल्याकडचे. ‘गिरीश’ म्हणजे शंकर केशव कानेटकर हे १८९३ सालीं साताऱ्यास जन्मले आणि पुढें सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजांत मराठीचे प्राध्यापक होते. ‘यशवंत’ म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर हे १८९९ सालीं चाफळ येथें जन्मले. त्यांचें शिक्षण सांगलीस झालें, आणि तेथें कवि साधुदासांचा सहवास त्यांना लाभला. समर्थांच्या चाफळांत जन्मलेला कवि माणसाच्या प्रीतीचीं आणि वियोगाचीं गाणीं गाऊं लागला, हा काळाचा फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे.

रविकिरण मंडळाची मोठी कामगिरी कोणती, असें मला विचारलें तर मी काव्यगायनाकडे बोट दाखवीन. या कवींनीं कविता पुस्तकांतून उचलली आणि सभेंत चालीवर म्हणून दाखविली. यशवंत आणि गिरीश यांचें काव्यगायन ऐकावयास गांवोगांवीं गर्दी लोटत असे. जिला केवळ डोळा ठाऊक होता त्या छापील कवितेस त्यांनीं पुन्हां कंठ मिळवून दिला.

याच मंडळांत श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि मनोरमाबाई हें कविदांपत्य होतें. मनोरमाबाई अल्पायुषी ठरल्या. पतिपत्नींच्या कविता ‘श्रीमनोरमा’ या एकाच संग्रहांत एकत्र बांधल्या गेल्या. संसारांत जी सोबत लवकर सुटली ती त्या पुस्तकांत सुटली नाहीं. परंतु मागें राहिलेल्या पतीचें एकटेपण पुस्तकानें कमी केलें असेल असें कोणीं समजूं नये. 

यशवंतांच्या ‘आई’ या कवितेनें शाळाशाळांतून मुलांचे डोळे ओले केले. ती प्रीति स्त्रीपुरुषांची नव्हे, पोरक्या लेंकराची आहे. मी ती कविता पुष्कळ वर्षें शिकविली. एके वर्षीं वर्गांत आई नसलेला एक मुलगा होता. कविता पाठ म्हणण्याची त्याची पाळी आली तेव्हां मी त्यास वगळून पुढें जाणार होतों. पण तो आपणहून उभा राहिला आणि एकाही शब्दावर न अडखळतां अखेरपर्यंत म्हणून खालीं बसला. वर्ग सुटल्यावर मजजवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, मला जें सांगतां येत नव्हतें तें आज सांगून झालें.” त्या कवितेनें त्याची आई परत आणली नाहीं, आणि तशी त्याची अपेक्षाही नव्हती. त्याचें दुःख मुकें होतें, त्यास तिनें शब्द उसने दिले. आणि त्यानें आपला कोंवळा आवाज तिला उसना दिला. काव्याच्या अमरत्वाचा याहून चांगला पुरावा मला कोठें मिळाला नाहीं.

मंडळाचे धुरीण माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनीं या विषयास आणखी एक बाजू जोडली. ते फारशीचे गाढे अभ्यासक. उमर खय्यामच्या रुबायांनीं त्यांना असें झपाटलें होतें कीं, त्यांनीं त्या एकदां नव्हे, तीन वेळां मराठींत आणल्या. तिसरा अनुवाद ‘मधुलहरी’ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. त्यापूर्वींच, २९ नोव्हेंबर १९३९ रोजीं, ते निवर्तले होते. खय्यामच्या काव्यांत कुंभार आणि मातीचें भांडें वारंवार येतात. हातांतला हा सुरईसारखा घडा पूर्वीं एखादा प्रेमिक असेल, आणि त्याची ही मूठ म्हणजे प्रियेच्या गळ्यांत पडलेला त्याचा हात असेल, अशी त्याची कल्पना आहे. कीट्सच्या कलशाशेजारीं हा घडा ठेवून पाहा. कलशावरचे प्रेमिक कधीं मरत नाहींत; हा घडा तर मेलेल्या प्रेमिकांच्याच मातीचा केलेला आहे, आणि उद्यां फुटून पुन्हां मातींत जाणार आहे. एकांत कला मृत्यूच्या पलीकडे उभी आहे, दुसऱ्यांत ती मृत्यूच्याच मातींतून घडलेली आहे. माझ्या मतें दुसरी कल्पना अधिक खरी आहे. जो मरणार नाहीं त्यास कविता लिहिण्याची गरजच काय?

माधवराव गेल्यावर गिरीशांनीं आपल्या या मित्राचें चरित्र ‘स्वप्नभूमि’ या नांवानें लिहिलें. तें १९६५ सालीं, म्हणजे मित्राच्या मृत्यूनंतर पंचवीसांहून अधिक वर्षांनीं प्रसिद्ध झालें. केशवसुतांस हरिभाऊ भेटले, माधवरावांस गिरीश भेटले. 

मृत्यूशीं सर्वांत निराळ्या रीतीनें बोलले ते ग्वाल्हेरचे राजकवि भास्कर रामचंद्र तांबे. एका कवितेंत त्यांनीं जिवास सासरीं निघालेल्या, संकोचलेल्या नवरीचें रूप दिलें आणि मृत्यूस वराचें. प्रीति आणि मृत्यु या दोन गोष्टी इतर कवींनीं समोरासमोर उभ्या केल्या. तांब्यांनीं त्यांचें लग्न लावलें. दुसऱ्या एका कवितेंत मात्र त्यांनीं आपली मुळींच फसवणूक होऊं दिली नाहीं. मी गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील आणि आपापल्या कामास लागतील, हें त्यांनीं शांतपणें सांगितलें. तांबे १९४१ सालीं वारले. पुढें त्यांच्या अशा कांहीं कविता लता मंगेशकर यांनीं गाइल्या. लताबाईंचें बालपण आपल्या सांगलींत गेलें, हें आपणांस ठाऊक आहेच. ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं त्याही गेल्या. आतां त्या ध्वनिमुद्रिकेंत गाणारा कंठ नाहीं आणि लिहिणारा हातही नाहीं. तरी कोणी ती लावली कीं घरांत क्षणभर सर्व बोलणें थांबतें.

या सर्व विचारावर एक आक्षेप आहे, आणि तो घेणारा कविही आपल्याच जिल्ह्याचा. बाळ सीताराम मर्ढेकर यांचें मूळ गांव साताऱ्याजवळचें मर्ढे. आकाशवाणीच्या नोकरींत त्यांचीं अनेक वर्षें गेलीं. १९३९ सालच्या ‘शिशिरागम’ या संग्रहांत ते जुन्याच वाटेनें, प्रीतीच्या आणि विरहाच्या हळव्या सुरांत गात होते. मग महायुद्ध झालें. माणसें हजारोंनीं, लाखोंनीं मेलीं. १९४७ सालच्या ‘कांहीं कविता’ या संग्रहांत तो सूर मोडून पडला. जेथें मरण एकट्यादुकट्याचें राहिलें नाहीं, जेथें माणूस यंत्रांतल्या किड्यासारखा चिरडला जातो, तेथें कलश, ताजमहाल आणि नवरी यांचा काय उपयोग, असा त्यांच्या कवितेचा रोख आहे. या आक्षेपास सोपें उत्तर नाहीं. एवढेंच दिसतें कीं, तो आक्षेपही मर्ढेकरांनीं कवितेंतच घेतला, अक्षर न् अक्षर तोलून घेतला, आणि १९५६ सालीं त्यांचा देह पडल्यावरही तो आपणांस स्वस्थ बसूं देत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? काव्य माणसास वांचवीत नाहीं. बिल्हणाची माफी आख्यायिकेंतच मिळते. काव्य सबंध आयुष्यही वांचवीत नाहीं. तें त्यांतील एखादा क्षण, एखादा भाव उचलतें आणि बाकीचें काळाच्या स्वाधीन करतें. आणि तो एक क्षणही स्वतःच्या बळावर टिकत नाहीं. त्यास प्रत्येक पिढींत एक मर्त्य कंठ मिळावा लागतो. आपल्या भाषेंत ‘अक्षर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. लिहिलेला वर्ण, आणि ज्यास नाश नाहीं तें. पहिल्या अर्थाचें अक्षर दुसऱ्या अर्थानें अक्षर होतें तें केवळ म्हणणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या कृपेनें.

यास्तव शेवटीं एक विनंति करतों. आपल्या घरीं जुनें क्रमिक पुस्तक किंवा एखादा काव्यसंग्रह असेल. आज रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांतील एक कविता मोठ्यानें वाचा. मुलांकडून वाचून घ्या; जमल्यास पाठ करवून घ्या. अर्थ सगळा कळलाच पाहिजे असा हट्ट धरूं नका. मूल ती कविता दप्तरांत नेणार नाहीं, पण तीस-चाळीस वर्षांनीं, तुम्ही नसाल अशा एखाद्या दिवशीं, ती त्याच्या तोंडीं येईल आणि तुमचा आवाज त्यास आठवेल.